मंत्रचळ : एका जुन्या दुखण्याची हकीकत

मंडळी, आज ज्या दुखण्याविषयी तुमच्याशी बोलायचे आहे, ते आपल्या गावांतून पूर्वीपासून आहे. ते दुखणे आहे, एवढेच काय ते आपणांस ठाऊक नसते. ताप आला की आपण अंगाला हात लावून पाहतो, विंचू चावला की दवाखान्याकडे धावतो. पण घरातली बाई दिवसातून साठ वेळा हात धुऊ लागली, तर आपण म्हणतो, 'तिला चळ लागला.' आणि हसून आपल्या कामाला लागतो.

माझ्या लहानपणची गोष्ट सांगतो. सेलू तालुक्यातल्या आमच्या गावी माझी एक आत्या राहायची. स्वभावाने अतिशय प्रेमळ. आम्हां मुलांना ती लांबूनच खाऊ द्यायची, म्हणजे ओट्यावर ठेवायची आणि मागे सरायची. आडावर पाणी शेंदायला गेली की तिची खरी परीक्षा सुरू व्हायची. पोहरा वर काढायचा, हात धुवायचे. मग मनात यायचे, दोराला कुणाचा तरी हात लागला असेल. म्हणून दोर धुवायचा. दोर धुताना हात पुन्हा दोराला लागले, म्हणून हात धुवायचे. त्यासाठी पाणी हवे, म्हणजे पुन्हा दोर हाती घेणे आले. या चक्रातून सुटायला तिला कधी तास लागे, कधी दोन तास. वैशाखात आड तळाला गेला की आडावरच्या बायका चिडत, घरात भांडणे होत, आणि आत्या रडत रडत धूत राही. तिच्या हातांना भेगा पडलेल्या असत. पांढुरक्या, ओल्या भेगा. त्यांत खोबरेल भरायचे, तर तेलाचीही शंका.

गावात काही जण तिला 'फार सोवळ्याची बाई' म्हणून मान देत. काहींना ती बाहेरची बाधा वाटे. एकदा तिला एका देवर्षीकडे नेले. त्याने दंडाला गंडा बांधला. पुढचे दोन महिने आत्या तो गंडा धूत होती.

तिला हे सारे वेडेपणाचे आहे हे कळत नव्हते का? चांगले कळत होते. 'मला कळतंय रे, पण मन ऐकत नाही,' असे ती म्हणायची. या एका वाक्यात त्या दुखण्याचे सारे लक्षण आले आहे, हे मला फार उशिरा समजले. तोवर आत्या गेली होती.

आता इतिहासाकडे वळू. या दुखण्याला आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे, मंत्रचळ. मोल्सवर्थसाहेबाने गेल्याच्या गेल्या शतकात जो मराठी कोश केला, त्यात हा शब्द आहे. मंत्र म्हणताना चूक झाली, अक्षर गळले, की माणसाला चळ लागतो, अशी समजूत त्यामागे होती. समजूत चुकीची खरी, पण ती बसवणाऱ्यांची नजर मात्र पक्की होती. 'आपले काही चुकले तर नाही ना?' या शंकेने पछाडलेला, तोच मंत्र पहिल्यापासून पुन्हा पुन्हा म्हणणारा माणूस त्यांनी पाहिला होता. फक्त कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली. मंत्र चुकला म्हणून चळ लागत नाही. चळ असतो म्हणून मंत्र चुकल्यासारखा वाटतो. आजही मराठी डॉक्टर या आजाराला मंत्रचळेपणा म्हणतात. इंग्रजीतले नाव ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर, आणि लघुरूप ओसीडी. बंगाली लोकांत धुण्याच्या या वेडाला शुचिबाई असा शब्द आहे. म्हणजे चाल फक्त आपलीच नव्हे.

तुम्ही म्हणाल, हा सगळा सोवळ्याओवळ्याचा दोष. मला तसे वाटत नाही, आणि याचे कारण थोडे सांगायला हवे. सोवळे ही समाजाची रूढी होती. तिने दुसऱ्या माणसांना विहिरीवरून हाकलले, आणि तिचा हिशेब वेगळा मागायला हवा. 1927 साली महाडला मनुस्मृती जाळली गेली ती उगीच नव्हे. परंतु त्याच मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धीचा एक नियम आहे. जे विटाळलेले कुणी पाहिले नाही ते शुद्ध, जे पाण्याने धुतले ते शुद्ध, आणि जे शुद्ध म्हणून सांगितले गेले तेही शुद्ध. म्हणजे रूढीला कुठेतरी शेवट असतो. एकदा धुतले की झाले. आत्याच्या धुण्याला शेवट नव्हता. रूढीने तिच्या भीतीला कपडे पुरवले, एवढेच. ती दुसऱ्या मुलखात जन्मली असती तर भीतीने दुसरे कपडे घातले असते.

याचा पुरावा हवा असेल तर तो भरपूर आहे. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा वसवसा हा उर्दू शब्द इथल्या अनेकांच्या कानांवरून गेला असेल. वजू झाली की नाही, नमाजातला शब्द नीट उच्चारला की नाही, ही न संपणारी शंका म्हणजे वसवसा. बल्ख गावचा अबू झैद अल-बल्खी हा विद्वान इसवी सन 934 मध्ये वारला. त्याने शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात या छळणाऱ्या विचारांचे वर्णन आहे, आणि तो एक मनाचा विकार म्हणून दिला आहे. ही हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

इंग्लंडात जॉन बन्यन हा धर्मोपदेशक होऊन गेला. 1666 साली त्याने आत्मवृत्त छापले. त्यात तो सांगतो की देवळाची घंटा वाजवणे हे पाप आहे असे वाटून त्याने ते सोडले, पण वाजताना पाहायला मात्र जाई. मग मनात आले, घंटा निखळून अंगावर पडली तर? म्हणून तो तुळईखाली उभा राहू लागला. मग वाटले, घंटा भिंतीवर आपटून उलट अंगावर आली तर? म्हणून दाराशी. मग वाटले, मनोराच कोसळला तर? त्याहून वाईट म्हणजे देवाविषयी अभद्र विचार त्याच्या मनात नको असताना घुसत, आणि तो भाविक माणूस त्यांनी अर्धमेला होई.

इथे जरा थांबू, कारण या प्रकाराविषयी आपल्याकडे कुणी तोंड उघडत नाही. मंत्रचळ म्हणजे केवळ धुणे नव्हे. कुणाला दाराची कडी, गॅसचे बटण, मोटारीचा स्टार्टर पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. कुणाला पूजेत बसले की देवाबद्दल शिव्या सुचतात. एखाद्या बाळंतिणीला विळी हाती घेतली की वाटते, माझ्या हातून लेकराला काही झाले तर? ती विळी लपवून ठेवते, लेकराला जवळ घ्यायला भिते, आणि हे कुणाला सांगत नाही, कारण सांगितले तर लोक तिला राक्षसीण म्हणतील. खरे असे आहे की ज्या विचाराची माणसाला एवढी किळस आणि धास्ती वाटते, तो विचार त्याच्या इच्छेचा नसतो. अशा विचाराने घाबरणारी आई लेकराला इजा करत नाही, हे डॉक्टरांनी शेकडो वेळा पाहिलेले आहे. मात्र बाळंतपणानंतर एखादी बाई भ्रमात बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, तर ती गोष्ट निराळी. तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे.

आजार म्हणून या दुखण्याची पद्धतशीर नोंद झाली ती फ्रान्समध्ये. एस्किरोल या वैद्याने 1838 साली मनोविकारांवर मोठा ग्रंथ काढला. त्यात चौतीस वर्षांच्या एका बाईची हकीकत आहे. तिचे नाव त्याने फ एवढ्याच अक्षराने दिले आहे. अठरा वर्षांची असताना ही मुलगी आत्याच्या घरून निघाली आणि मनात आले, पोशाखाच्या खिशातून आत्याची एखादी वस्तू चुकून आपल्याबरोबर तर आली नाही? पुढे ती आत्याकडे जाताना खिशाचा तो पोशाख घालीनाशी झाली. नंतर व्यापाराचे हिशेब पाहू लागली, तेव्हा आकडा चुकून लोकांचे नुकसान होईल ही भीती. पुढे नाण्यांना हात लागला की बोटांना काही मोलाचे चिकटून राहिले असेल ही भीती. ती हात चोळी, कपडे झटके, जोडे झटके. आणि हे सारे हास्यास्पद आहे असे स्वतःच म्हणे. माझ्या आत्याचेच वाक्य, फक्त फ्रेंच भाषेत. तिथे सोवळे नव्हते, विटाळ नव्हता. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे येईल, ही एका प्रामाणिक बाईची धास्ती होती. माणसाला जे सर्वांत प्यारे असते, तिथेच हे दुखणे डंख मारते. भाविकाला देवाविषयी शंका, आईला लेकराविषयी, हिशेबनिसाला आकड्याविषयी.

एस्किरोलने वर्णन उत्तम केले, पण उपाय त्याच्यापाशी नव्हता. त्यानंतर सव्वाशे वर्षे जवळपास तीच स्थिती राहिली. पॅरिसच्या जाने या पंडिताने 1903 साली या विषयावर जाड ग्रंथ लिहिला. व्हिएन्नाच्या फ्रॉइडने 1909 साली एका तरुणाची प्रसिद्ध केस छापली. उंदरांच्या एका भयंकर शिक्षेची गोष्ट ऐकल्यापासून तो तरुण पछाडला गेला होता. वाचायला ती केस विलक्षण आहे. पण बालपण उकरून काढल्याने हात धुणे थांबते, असा अनुभव पुढच्या डॉक्टरांना फारसा आला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे दुखणे जवळजवळ असाध्य समजले जाई, आणि काही अभाग्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रियाही झाल्या.

मग 1966 साल उजाडले. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने दोन स्त्रियांवर एक वेगळाच उपचार केला. एकीला अखंड धुण्याचा आजार होता. दुसरीला देवाधर्माविषयी अभद्र विचार येत आणि ते फेडण्यासाठी ती प्रत्येक कृती पुन्हा पुन्हा करी. मायरने काय करावे? त्याने पहिलीच्या खोलीतला नळ बंद केला. दिवसभर परिचारिका तिच्याजवळ असत. ज्या वस्तूंना ती भीत असे, म्हणजे दारांच्या मुठी, कचऱ्याचे डबे, त्यांना हात लावायला तिला सांगितले, आणि त्यानंतर हात धुऊ दिले नाहीत. दुसरीला तिचे नकोसे विचार मुद्दाम मनात आणायला सांगितले आणि फेडण्याची कृती करू दिली नाही.

ऐकायला हे कठोर वाटते. मलाही पहिल्यांदा वाचताना वाटले. पण त्यामागचा विचार नीट पाहा. हात धुतल्याने भीती घटकाभर शमते. त्यामुळे मन शिकते की आपण धुतले म्हणूनच वाचलो. पुढच्या वेळी ते आणखी जोराने धुवायला लावते. सावकाराचे व्याज भरण्यासाठी त्याच सावकाराकडून नवे कर्ज काढावे, तसा हा प्रकार. कास्तकाराला हे समजावून सांगायला नको. मायरने कर्ज देणेच बंद केले. धुतले नाही तर काय होते? भीती चढते, खूप चढते, छाती धडधडते. पण ती चढतच राहत नाही. अर्ध्या तासाने, तासाभराने ती आपोआप उतरू लागते. कुणी मेलेले नसते, घर बुडालेले नसते. असे दहा वेळा, वीस वेळा झाले की मन नवा धडा शिकते.

दोन्ही स्त्रियांना चांगला गुण आला. 1974 साली मायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पंधरा रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यांतल्या दहांना उत्तम गुण आला होता, बाकीच्यांना थोडाफार. बऱ्या झालेल्यांपैकी काही वर्षांनी पाहिले तर दोघांचेच दुखणे उलटले होते. जे दुखणे असाध्य म्हणत त्याविषयीचे हे आकडे आहेत. आज जगभर या पद्धतीला सामोरे जाणे आणि क्रिया रोखणे, अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. पण आता नळ कुणी बळजबरीने बंद करत नाही. रोगी आणि उपचार करणारा मिळून भीतीची एक शिडी मांडतात. खालच्या पायरीवर कमी भीती, वरच्या पायरीवर जास्त. आज आडाच्या दोराला हात लावायचा आणि दहा मिनिटे थांबायचे. उद्या अर्धा तास. पुढच्या आठवड्यात त्याच हाताने भाकरी खायची. रोगी कबूल असेल तेव्हाच वरची पायरी. साधारण बारा ते वीस बैठका लागतात, आणि घरी रोज सराव.

आपल्या ओळखीचे एखादे माणूस असे धूत असेल, तर हे वाचून त्याची बादली हिसकावून घेऊ नका. माझ्या गावी तेही झाले होते. दुसऱ्याने लादलेला उपास आणि आपण धरलेला उपास यांत जो फरक, तोच इथे आहे.

औषधेही आली. 1960 च्या दशकाच्या अखेरीस स्पेनमधल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले की क्लोमिप्रामीन नावाची खिन्नतेवरची गोळी या दुखण्यातही उपयोगी पडते. पुढे फ्लुओक्सेटीन आणि त्या घराण्यातली इतर औषधे निघाली. त्यांचा गुण यायला दहा-बारा आठवडे लागू शकतात. आपली माणसे पंधरा दिवसांत गोळी सोडतात आणि 'काही फरक नाही' म्हणतात. 1992 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला एक प्रयोग झाला. काही रोग्यांना गोळी दिली, काहींना गोळीविना नुसता हा सराव दिला, आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूची चित्रे काढली. मेंदूत खोलवर शेपटीच्या आकाराचा एक भाग असतो. ज्यांना गुण आला त्या दोन्ही गटांत त्या भागाच्या कामात सारखाच बदल दिसला. बोलण्याने आणि सरावाने मेंदू बदलतो काय, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

जपध्यानाने हे जाणार नाही का, असे मला खेड्यांत हमखास विचारतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी 1960-70 च्या दशकांत पतंजलीच्या योगावर आधारलेली उपचारपद्धत अनेक मनोविकारांच्या रोग्यांवर काटेकोरपणे तपासून पाहिली होती. ते काम मोलाचे आहे. परंतु मंत्रचळाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. शंका फेडण्यासाठी केलेला जप हा पुन्हा आडावरचा दोरच ठरतो. भक्तीने केलेला जप वेगळा, आणि एकशेआठ झाले की एकशेसात या धास्तीने पहाटेपर्यंत केलेला जप वेगळा.

2015-16 साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने देशातल्या बारा राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. तीत प्रौढांपैकी हजारी सुमारे आठ जणांना हे दुखणे आढळले. आपल्याकडे तेच प्रमाण धरले, तर दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात दहा-बारा माणसे होतात. तुमच्या गावात तुम्हांला किती दिसतात? बाकीची दाराआड असतात.

शिक्षकांना मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. बुद्धीने चांगला, पण चाचणीत अर्धा पेपर कोरा. मी त्याला सगळ्यांसमोर आळशी म्हणालो. वर्षभर म्हणत होतो. एके दिवशी पर्यवेक्षण करताना त्याच्या मागे उभा राहिलो आणि पाहिले, की तो आपला बैठक क्रमांक पुन्हा पुन्हा तपासत होता. एक ओळ लिही, खोडी, तीच ओळ पुन्हा लिही. वीस मिनिटांत तीन ओळी. घाम फुटलेला. मला आडावरची आत्या आठवली आणि माझी मलाच लाज वाटली. हे दुखणे पुष्कळदा शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होते. वह्यांची पाने खरवडून फाटेस्तोवर खोडणारी, स्वच्छतागृहातून लवकर न येणारी, तोच प्रश्न दहादा विचारणारी मुले तुमच्याही वर्गात असतील.

त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. ते म्हणाले, 'सर, पोरगं वेडं ठरलं तर पुढं लग्नाचं कसं व्हायचं?' त्यांची भीतीही खोटी नव्हती. पण ते आले. नांदेडला एका मनोविकारतज्ज्ञांकडे गोळ्या आणि सराव, दोन्ही सुरू झाले. आता सोयी पूर्वीपेक्षा जवळ आल्या आहेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 साली सुरू झाला आणि 1996 पासून तो जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊ लागला. परभणीत 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही सेवा आहे. 14416 हा क्रमांक फिरवला की मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. आणि देवर्षीकडे भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण किंवा साखळदंड झाले, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

घरच्यांनाही त्या डॉक्टरांनी एक पथ्य सांगितले होते. मुलाने 'कुलूप लागलं का?' असे विचारले तर 'हो, लागलं' असे उत्तर द्यायचे नाही. आपल्याला वाटते आपण धीर देतो, पण ते व्याज भरणेच असते. प्रेमाने म्हणायचे, 'तुला शंका आलीय हे मला दिसतंय, आता ती आपली आपण बसू दे.' आईला हे फार जड गेले.

सात-आठ महिन्यांनी तो मुलगा कॉलेजात भेटायला आला. म्हणाला, 'सर, आज खोलीला कुलूप एकदाच लावलं. बसमत रोडवर आल्यावर पाय अडले. उभा राहिलो, पण माघारी गेलो नाही.'

मी चटकन विचारले, 'मग, कुलूप नीट लागलं होतं ना?'

तो हसला. 'सर, तेच तर विचारायचं नाही.'